लेबनॉनची कताएब: पक्षातून फौज कशी उभी राहिली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेबनॉनच्या यादवी युद्धाची तारीख सगळीकडे १३ एप्रिल १९७५ अशी दिलेली असते. त्या दिवशी ज्या बंदुका बाहेर आल्या त्या आदल्या रात्री आलेल्या नव्हत्या. कताएब या राष्ट्रवादी मिलिशियाची, म्हणजे खासगी सशस्त्र दलाची, मुळं जवळजवळ चाळीस वर्षं मागे जातात. पुढचे बहुतेक प्रश्न त्या चाळीस वर्षांबद्दलच आहेत.

कताएब, फलांज, लेबनीज फोर्सेस ही एकाच संघटनेची नावं आहेत का?

पहिली दोन एकाच संघटनेची. अरबीत कताएब, युरोपीय वृत्तपत्रांत फलांज. लेबनीज फोर्सेस हे प्रकरण वेगळं आहे. १९७६ मध्ये अनेक ख्रिश्चन मिलिशिया एका कमांडखाली आल्या तेव्हा ते नाव पडलं. कताएब त्यातला सर्वांत मोठा घटक होता, पण एकमेव नव्हता. बातम्यांमध्ये या नावांची सर्रास सरमिसळ होते, त्यामुळे कुठली घटना कुणाच्या माथी मारायची याचाही घोळ होतो.

हे सगळं बर्लिनच्या ऑलिंपिकमधून सुरू झालं म्हणतात. खरं का?

बरंचसं खरं आहे. पिएर जमायेल हे बैरूतमधले फार्मासिस्ट. मूळ गाव डोंगरातलं बिकफाया, घराणं मोठं. फुटबॉलचं वेड होतं आणि लेबनॉनच्या फुटबॉल संघटनेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी ते बर्लिनला गेले. तिथली शिस्त, एका सुरात चालणारी तरुण पोरं, हे पाहून ते भारावले, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी ते लपवलं नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या सोकोल या व्यायामसंघांचाही त्यांच्यावर प्रभाव पडला होता. हा भाग मात्र सांगताना गाळला जातो, कारण हिटलरच्या गोष्टीला जास्त गिऱ्हाईक मिळतं.

परत आल्यावर नोव्हेंबर १९३६ मध्ये पाच जणांनी संघटना काढली: पिएर जमायेल, शार्ल हेलू, जॉर्ज नक्काश, शफिक नासिफ आणि एमिल यारेद. यांतले हेलू पुढे संघटनेपासून दूर झाले आणि १९६४ ते १९७० या काळात देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. नक्काश हे पत्रकार. त्यांच्याकडे पुढे येऊच.

सुरुवातीला बंदुका नव्हत्या. गणवेश होता, कवायत होती, हात पुढे करून ठोकायचा सलाम होता आणि 'देव, देश, कुटुंब' ही घोषणा होती. चिन्ह देवदार वृक्षाचं.

मग फॅसिस्टच म्हणायचे की!

बाह्य रूप त्या काळच्या युरोपातून उचललेलं होतं, यात वाद नाही. पण एवढ्यावर शिक्का मारून मोकळं झालं तर पुढचं काही कळत नाही. कताएबनं एकपक्षीय राजवट आणायचा प्रयत्न कधी केला नाही. उलट निवडणुका लढवल्या, मंत्रिपदं घेतली, संसदेत तडजोडी केल्या. १९५२ मध्ये तर पक्षाच्या नावात 'सोशल डेमोक्रॅटिक' असे शब्दही घातले.

गणवेशातल्या तरुणांची संघटना काढणारे तेव्हाच्या बैरूतमध्ये हे एकटेच नव्हते. आंतुन सादेह यांचा सीरियन राष्ट्रवादी पक्ष १९३२ चा. त्यांच्या मते लेबनॉन हा वेगळा देशच नव्हता, बृहत् सीरियाचा तुकडा होता. सुन्नी मुस्लिमांची नज्जादा होती, तीही कवायत करणारीच. म्हणजे १९३६ च्या बैरूतमध्ये रविवारी सकाळी रस्त्यावर उतरलं तर कुठली ना कुठली पलटण दिसायचीच. प्रत्येकीचा झेंडा वेगळा, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकीच्या डोक्यातला देशाचा नकाशा वेगळा.

मॅरोनाइट तर सत्तेत होते. त्यांना भीती कसली होती?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

मॅरोनाइट हा रोमच्या पोपला मानणारा, पण स्वतःची पूर्वेकडची उपासनापद्धती जपणारा ख्रिश्चन पंथ. त्यांचं घर म्हणजे लेबनॉनचा डोंगर. १८६० मध्ये त्या डोंगरात द्रूझ (इस्लाममधून फुटून निघालेला वेगळा पंथ) आणि मॅरोनाइट यांच्यात भयंकर कत्तली झाल्या आणि मॅरोनाइटांची गावंच्या गावं जळाली. फ्रान्सनं सैन्य पाठवलं. १८६१ पासून ओटोमन साम्राज्यातच डोंगराला ख्रिश्चन गव्हर्नर असलेला स्वायत्त प्रांत म्हणून दर्जा मिळाला. पुढे पहिल्या महायुद्धात समुद्राची नाकेबंदी, टोळधाड आणि ओटोमन अंमलातली धान्याची अडवणूक एकत्र आली आणि दुष्काळात डोंगरातली अंदाजे एक तृतीयांश माणसं गेली. या दोन आठवणी घरोघरी सांगितल्या जायच्या.

महायुद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला आणि १ सप्टेंबर १९२० रोजी फ्रेंच जनरल गुरो यांनी 'बृहत् लेबनॉन' जाहीर केला. डोंगराला बैरूत, त्रिपोली, सैदा, सूर आणि बेकाचं खोरं जोडलं. मॅरोनाइट पुढाऱ्यांनीच हे मागितलं होतं, कारण नुसत्या डोंगरावर पोट भरत नाही हे त्यांनी दुष्काळात भोगलं होतं. बंदरं आली, शेतजमीन आली आणि त्यांच्याबरोबर मुस्लिम लोकसंख्याही आली. १९३२ च्या जनगणनेत ख्रिश्चन निम्म्याहून थोडेसेच जास्त भरले. त्यानंतर लेबनॉनमध्ये अधिकृत जनगणना झालेली नाही. कुणालाच उत्तर ऐकायचं नव्हतं.

म्हणून सत्ता हातात असूनही ती उद्या राहील याची खात्री नाही, अशी ही अवस्था होती. बहुसंख्य असल्याचा दावा करायचा आणि अल्पसंख्याकांसारखं घाबरायचं. कताएबचा राष्ट्रवाद यातून आला. लेबनॉन हे अरब राष्ट्राचं शेपूट नाही, फिनिशियन (या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी व्यापारी) काळापासून चालत आलेलं स्वतंत्र राष्ट्र आहे, असं तो सांगायचा. त्यातला फिनिशियन भाग इतिहासापेक्षा इच्छेवर जास्त उभा होता, हे माझं मत.

स्वातंत्र्यलढ्यात हे लोक फ्रेंचांच्या बाजूनं होते का?

नाही. नोव्हेंबर १९३७ मध्ये फ्रेंचांनी संघटनेवर बंदी घातली, मोर्चावर लाठ्या-गोळ्या चालवल्या. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष बिशारा अल-खूरी आणि मंत्र्यांना उचलून रशायाच्या किल्ल्यात डांबलं, तेव्हा कताएब आणि नज्जादा एकत्र रस्त्यावर उतरल्या. ख्रिश्चन पोरं आणि मुस्लिम पोरं एकाच मोर्चात होती. २२ नोव्हेंबरला फ्रेंचांना सगळ्यांना सोडावं लागलं. तोच लेबनॉनचा स्वातंत्र्यदिन. कताएबच्या आयुष्यातला हा सर्वांत उजळ काळ, आणि तो फार टिकला नाही.

१९४३ च्या 'राष्ट्रीय करारा'त काय ठरलं होतं?

तो कागदावर नव्हताच, तोंडी होता. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. संसदेत सहा ख्रिश्चनांमागे पाच मुस्लिम. ख्रिश्चनांनी संरक्षणासाठी पश्चिमेकडे पाहायचं नाही आणि मुस्लिमांनी अरब देशांत विलीन व्हायचा आग्रह सोडायचा. १९४९ मध्ये, वर उल्लेख केलेल्या जॉर्ज नक्काश यांनी अग्रलेख लिहिला की दोन नकारांतून राष्ट्र घडत नाही. त्याबद्दल त्यांना तुरुंगात जावं लागलं. राष्ट्रवादी संघटनेच्याच एका संस्थापकानं इतक्या लवकर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं.

कवायत करणाऱ्या पोरांची सशस्त्र फौज कधी झाली?

१९५८ मध्ये. १९७५ चं बरंचसं त्या वर्षी आधीच घडून गेलं होतं, फक्त लहान प्रमाणात.

राष्ट्राध्यक्ष कामिल शामून अमेरिकेकडे झुकलेले होते. फेब्रुवारी १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरिया एक झाले आणि इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या नावानं लेबनॉनमधले मुस्लिम मोहल्ले दुमदुमले. मे महिन्यात बंड पेटलं. जुलैमध्ये इराकमधली राजेशाही उलथली आणि दुसऱ्याच दिवशी, १५ जुलैला, अमेरिकन मरीन बैरूतच्या किनाऱ्यावर उतरले. लष्करप्रमुख फुआद शिहाब यांनी सैन्याला कुणा एकाच्या बाजूनं उतरवायचं नाकारलं. तडजोड म्हणून तेच राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्रिपोलीचे रशीद करामी पंतप्रधान झाले. नव्या मंत्रिमंडळात बंडाच्या बाजूची माणसं भरली होती.

त्याच सुमारास कताएबच्या 'अल-अमल' या वृत्तपत्रातले पत्रकार फुआद हद्दाद यांचं अपहरण झालं. कताएबनं बंद पुकारला, रस्ते अडवले, नाकी उभारली आणि त्याला 'प्रतिक्रांती' असं नाव दिलं. काही आठवडे शहर ठप्प होतं. ऑक्टोबरात शिहाब नमले. चारच मंत्र्यांचं सरकार आलं, दोन मुस्लिम, दोन ख्रिश्चन, आणि त्यात पिएर जमायेल होते.

यातून पक्ष काय शिकला हे बघा. बावीस वर्षं कवायत आणि निवडणुका करून जे मिळालं नव्हतं, ते काही आठवडे नाकाबंदी करून मिळालं. १९६१ पासून पक्षाचं सशस्त्र दल रीतसर बांधलं जाऊ लागलं. काच कारखान्याचे मालक विल्यम हावी त्याचे प्रमुख होते. डोंगरात प्रशिक्षण शिबिरं भरू लागली. वर पक्षाची भाषा कायम हीच: आम्ही राज्याच्या मदतीला आहोत, राज्य कमी पडेल तिथे आम्ही उभे राहू. राज्य कमी का पडतंय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. मुस्लिम भागांत रस्ते, शाळा, दवाखाने नव्हते, राजकारणातला वाटा १९३२ च्या आकड्यांवर गोठलेला होता, आणि तो बदलायची गोष्ट निघाली की कताएब 'आधी सुरक्षा, मग सुधारणा' म्हणायची.

पॅलेस्टिनी निर्वासित आले म्हणून युद्ध झालं, एवढं साधं आहे का?

नाही, पण त्यांच्याशिवाय ही फौज इतकी वाढली नसती.

१९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात, साधारण लाखभर पॅलेस्टिनी लेबनॉनमध्ये आले. बैरूतभोवती छावण्या पडल्या. तल अझ-झातर तर ख्रिश्चन वस्तीच्या पूर्व बैरूतमध्ये, कारखान्यांच्या पट्ट्याला लागून. वीस वर्षं हे लोक स्वस्त मजूर म्हणून राबत राहिले. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर छावण्यांत बंदुका आल्या. पॅलेस्टिनी गनिमांनी दक्षिणेतून इस्रायलवर हल्ले करायचे आणि इस्रायलनं लेबनॉनला बदडायचं, असं चक्र सुरू झालं. डिसेंबर १९६८ मध्ये इस्रायली कमांडोंनी बैरूतच्या विमानतळावर उतरून लेबनॉनची तेरा प्रवासी विमानं उडवली.

नोव्हेंबर १९६९ मध्ये कैरोत करार झाला. एका बाजूला लेबनॉनचे लष्करप्रमुख, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनींचे नेते यासर अराफत, मध्यस्थ नासर. छावण्यांचा कारभार पॅलेस्टिनींकडे गेला आणि लेबनॉनच्या भूमीवरून सशस्त्र लढ्याला परवानगी मिळाली. ख्रिश्चन पुढाऱ्यांमध्ये रेमों एद्दे यांनी उघड विरोध केला. कताएबनं नाराजीनं का होईना, संमती दिली. पुढे याच कराराला राष्ट्रद्रोह म्हणताना ही संमती पक्षाच्या भाषणांत सहसा येत नसे. १९७०-७१ मध्ये जॉर्डननं पॅलेस्टिनी संघटनांना हाकललं आणि त्यांचं मुख्यालयच बैरूतला आलं. एका राज्यात दुसरं राज्य, हा कताएबचा आरोप तेव्हा खोटा नव्हता. छावण्यांभोवती पॅलेस्टिनी तरुण गाड्या थांबवून लेबनीज नागरिकांचे कागद तपासत. १९७० मध्ये पिएर यांचे धाकटे चिरंजीव बशीर यांनाही काही तास उचलून नेलं होतं.

पण मिलिशियाचं उत्तर म्हणजे एका समांतर राज्याच्या शेजारी दुसरं उभं करणं. कताएबची फौज ही छावण्यांची रोगप्रतिकारक लस नव्हती, त्याच रोगाची दुसरी गाठ होती.

लेबनॉनचं स्वतःचं सैन्य कुठे होतं?

बराकीत. लष्करप्रमुख प्रथेनं मॅरोनाइट, त्यामुळे सैन्य उतरवलं की मुस्लिम नेते म्हणायचे हे ख्रिश्चनांचं सैन्य. मे १९७३ मध्ये सैन्यानं छावण्यांवर कारवाई केली, अरब देशांनी डोळे वटारले आणि ती अर्धवट राहिली. त्यानंतर कताएब आणि माजी राष्ट्राध्यक्ष शामून यांच्या टायगर्स या मिलिशियानं शस्त्रखरेदीचा वेग वाढवला. १९७६ च्या सुरुवातीला लेफ्टनंट अहमद अल-खतीब वेगळी 'लेबनीज अरब आर्मी' घेऊन फुटले आणि सैन्य दुभंगलं. त्यानंतर अनेक जण हत्यारांसकट आपापल्या मिलिशियात गेले.

१३ एप्रिल १९७५ ला नेमकं काय झालं?

रविवार होता. ऐन अर-रुम्माना या पूर्व बैरूतच्या ख्रिश्चन वस्तीत नव्या चर्चच्या समारंभाला पिएर जमायेल आले होते. चर्चबाहेर गोळीबार झाला. जमायेल यांचे अंगरक्षक जोसेफ अबू आसी यांच्यासह चार जण ठार झाले. मारेकरी कोण, यावर आजही एकमत नाही. त्याच दुपारी पॅलेस्टिनींनी भरलेली एक बस सभेहून तल अझ-झातरकडे परतताना त्याच वस्तीतून चालली होती. कताएबच्या बंदूकधाऱ्यांनी ती अडवून गोळ्या झाडल्या. मृतांचा सर्वसाधारणपणे दिला जाणारा आकडा २७ आहे. संध्याकाळपर्यंत शहरभर लढाई पसरली होती. दोन महिन्यांपूर्वी सैदामध्ये मच्छीमारांच्या मोर्चात माजी खासदार मारूफ साद यांना गोळी लागून ते पुढे दगावले होते. म्हणजे गवत आधीच वाळलेलं होतं.

ओळखपत्र पाहून माणसं मारली जायची, हे खरं?

दुर्दैवानं खरं. लेबनॉनच्या ओळखपत्रावर धर्म-पंथ लिहिलेला असायचा. ६ डिसेंबर १९७५ ला सकाळी चार कताएब तरुणांची प्रेतं एका गाडीत सापडली. त्या दिवशी पिएर जमायेल दमास्कसमध्ये सीरियाचे अध्यक्ष हाफिज अल-असद यांना भेटायला गेलेले होते. इकडे पक्षाच्या बंदूकधाऱ्यांनी बंदराजवळच्या रस्त्यांवर नाकी लावली. गाडी थांबवायची, कार्ड मागायचं, एका ओळीवर नजर टाकायची. मुस्लिम असेल तर खाली उतरवायचं. गोदी कामगार, कारकून, कामावर निघालेली माणसं. मृतांचे आकडे दीडशे-दोनशेपासून पुढे जातात. याला 'काळा शनिवार' म्हणतात. त्यानंतर दुसऱ्या बाजूच्या नाक्यांवरही हेच सुरू झालं, फक्त कार्डावरचा नको असलेला शब्द वेगळा होता.

जानेवारी १९७६ मध्ये कताएब आणि मित्रदलांनी करंतिना ही बंदराजवळची गरीब मुस्लिम वस्ती उद्ध्वस्त केली. दोनच दिवसांत पॅलेस्टिनी आणि डाव्या गटांनी दामूर हे ख्रिश्चन गाव कापून काढलं. यांतली एकच घटना सांगणारा माणूस भेटला तर तो कोणत्या बाजूचा हे लगेच ओळखावं.

लढणारे कोण होते? पैसा कुठून यायचा?

बहुतेक साधी माणसं: दुकानदारांची पोरं, मेकॅनिक, कॉलेजचे विद्यार्थी, दक्षिणेकडून विस्थापित झालेले. बायकाही होत्या. जोसलिन खुवेरी यांनी १९७६ मध्ये बैरूतच्या मध्यवर्ती भागात महिलांच्या तुकडीचं नेतृत्व केलं. पैसा सुरुवातीला देणग्यांचा आणि परदेशस्थ लेबनीजांचा, पुढे बंदराचा. बैरूत बंदरातली पाचवी गोदी ख्रिश्चन मिलिशियाच्या ताब्यात होती आणि तिथे उतरणाऱ्या मालावरचा पैसा सरकारऐवजी त्यांच्या तिजोरीत जायचा. शिवाय पेट्रोलवर, दुकानांवर कर. १९७६ पासून इस्रायलकडून शस्त्रं आणि प्रशिक्षण मिळू लागलं.

सीरिया कुणाच्या बाजूनं होता?

जून १९७६ मध्ये सीरियन फौजा आल्या त्या ख्रिश्चन बाजूला वाचवायला. दोन वर्षांनी त्याच सीरियन तोफा पूर्व बैरूतवर आग ओकत होत्या.

बशीर जमायेल पुढे कसे आले?

तल अझ-झातरच्या वेढ्यात जुलै १९७६ मध्ये विल्यम हावी गोळी लागून मारले गेले. त्यांची जागा २८ वर्षांच्या बशीरनी घेतली. छावणी १२ ऑगस्टला पडली आणि आत मोठी कत्तल झाली. त्याच महिन्यात कताएब, टायगर्स, गार्डियन्स ऑफ द सीडर्स आणि तंझीम या ख्रिश्चन मिलिशियांची संयुक्त कमांड स्थापन झाली: लेबनीज फोर्सेस.

'एक बंदूक, एक नेता' हे बशीरचं धोरण होतं आणि ते त्यांनी आपल्याच माणसांवर चालवलं. जून १९७८ मध्ये एहदेन गावात माजी राष्ट्राध्यक्ष फ्रंजिए यांचे चिरंजीव टोनी, त्यांची पत्नी आणि लहान मुलगी यांना मारलं गेलं. जुलै १९८० मध्ये सफ्राच्या समुद्रकिनाऱ्यावर शामून यांचे टायगर्स एका दिवसात संपवले. ख्रिश्चनांच्या रक्षणासाठी निघालेली फौज ख्रिश्चनांनाच मारून एकसंध झाली. वडिलांचा पक्ष आता मुलाच्या मिलिशियाच्या मागे फरफटत होता.

साब्रा आणि शातिला या बैरूतमधल्या पॅलेस्टिनी वस्त्यांतली कत्तल याच लोकांनी केली?

हो, लेबनीज फोर्सेसच्या माणसांनी, एली होबेका यांच्या हाताखाली. बशीर २३ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि शपथ घेण्याआधीच १४ सप्टेंबरला बॉम्बस्फोटात मारले गेले. १६ ते १८ सप्टेंबर दरम्यान, इस्रायली सैन्यानं वेढलेल्या छावण्यांत ही कत्तल झाली.

हिजबुल्ला यातूनच निघाली का?

नाही. ती शिया संघटना, १९८२ च्या इस्रायली आक्रमणानंतर इराणच्या मदतीनं उभी राहिली.

भारताचा कधी संबंध आला?

१९५८ च्या संकटात संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तीन जणांच्या निरीक्षक गटात भारताचे राजेश्वर दयाल होते. १९९८ पासून दक्षिण लेबनॉनमधल्या शांतिसेनेत भारतीय बटालियन आहे. कताएबशी थेट व्यवहार नाही.

आज यातलं काय उरलंय?

युद्ध संपवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या ताइफ करारानंतर मिलिशियांना शस्त्रं खाली ठेवायला लावली. संसदेत ख्रिश्चन आणि मुस्लिमांना निम्म्या-निम्म्या जागा मिळाल्या, म्हणजे ज्या मागणीला कताएबनं आधी अडवलं तीच शेवटी मान्य झाली. १९९१ च्या कायद्यानं युद्धातल्या बहुतेक गुन्ह्यांना माफी दिली. लेबनीज फोर्सेसचे प्रमुख समीर जाजा १९९४ मध्ये तुरुंगात गेले आणि अकरा वर्षांनी, सीरियन फौजा देशाबाहेर गेल्यावर, सुटले. मिलिशियाच्या बाकी सरदारांपैकी बरेच मंत्री झाले.

कताएब पक्ष अजून आहे, नेतृत्व जमायेल घराण्याकडेच, सध्या पिएर यांचे नातू सामी यांच्याकडे. सामींचे थोरले बंधू, आजोबांचंच नाव असलेले पिएर, उद्योगमंत्री असताना नोव्हेंबर २००६ मध्ये मारले गेले. ४ ऑगस्ट २०२० च्या बंदर स्फोटात पक्षाचे सरचिटणीस नझार नजारियान पक्षाच्याच मुख्यालयात ठार झाले. लेबनीज फोर्सेस आता बिनशस्त्र राजकीय पक्ष आहे आणि मे २०२२ च्या निवडणुकीत ख्रिश्चन पक्षांमध्ये सर्वाधिक जागा त्यालाच मिळाल्या.